'स्टे स्ट्राँग' म्हणजे नेमकं काय करू?

कोथरूडची लेक:
बाबांची बायपास झाली तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर 'स्टे स्ट्राँग', 'हँग इन देअर', 'चिन अप', 'यू गॉट धिस' यांची रांग लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी यातलं काहीच लिहिलं नाही. डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आज रात्री मी थांबते, तू घरी जाऊन पाठ टेक." इंग्रजीतली ही वाक्यं खचलेल्यालाच कामाला लावतात. तू टिक, तू हनुवटी वर ठेव. आपण 'आम्ही आहोत ना' म्हणतो. मग ही उसनवारी कशाला?

हिंजवडी फेज टू:
काकू चांगल्या आहेत, त्याचं श्रेय मराठीला का? मला मार्चमध्ये कंपनीने नारळ दिला. 'धीर धर' म्हणणाऱ्या नातेवाइकांचं पुढचं वाक्य होतं, 'आता फ्लॅटचे हप्ते कसे भरणार?' टीममधल्या तमिळ मित्राने 'हँग इन देअर, मच्चा' एवढंच लिहिलं आणि माझा सीव्ही दोन ठिकाणी पाठवला. त्याने धीर द्यायला आधी मराठी शिकायचं होतं का?

पेठेतले आजोबा:
अमेरिकेत 1971 साली 'हँग इन देअर' याच शब्दांचं पोस्टर गाजलं होतं. बांबूला लटकलेलं सयामी मांजर! लटकलेल्याला 'लटकून राहा' सांगायचं, खाली हात कुणी धरायचा नाही. आणि ते 'कीप काम अँड कॅरी ऑन'? ब्रिटिश सरकारने 1939 मध्ये त्या पोस्टरच्या जवळजवळ 25 लाख प्रती छापल्या, पण भिंतीवर फारशा लागल्याच नाहीत, बहुतेकांचा लगदा झाला. 2000 साली जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक सापडली. युद्धात ज्याने कुणाला धीर दिला नाही, ते आता आमच्या नातवाच्या कॉफीच्या मगवर.

हिंजवडी फेज टू:
आजोबा, मांजर लटकलंय म्हणूनच मला ते खरं वाटतं. 'होईल सगळं नीट' ही तर शुद्ध थाप.

कोथरूडची लेक:
हे मात्र पटलं. आयसीयूबाहेर ते ऐकून मलाही राग आला होता. तरी 'यू गॉट धिस' नकोच. माझ्या हातात होतं काय? फाइल आणि पाण्याची बाटली.

सहकारनगर:
आमच्या कट्ट्यावर मित्राला 'मी आहे ना' म्हणायला जीभ रेटत नाही हो. मग 'चिअर अप ब्रो'. परक्या भाषेत लाज झाकली जाते. तेही जमलं नाही तर 'रडतोस काय, चल, चहा मारू'. आणि मग चहा संपेपर्यंत कुणीच काही बोलत नाही.