‘बुद्धी मंदावते’ लिहावं का?

हळदपेठ: सांगलीतल्या एका ओपीडीसाठी मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण खराब करणारा आजार) माहितीपत्रक मराठीत करतोय. वाक्य झालंय, ‘नैराश्यामुळे बुद्धी मंदावते.’ तपासणाऱ्यांनी ‘बुद्धी’वर लाल रेघ मारली. मग ‘कॉग्निशन’ला, म्हणजे विचार करणं, शिकणं, लक्षात ठेवणं या सगळ्याला मिळून काय म्हणायचं? संज्ञान, बोधन, आकलन?

मिरजकर: रेघ योग्यच आहे. ‘बुद्धी मंदावते’ म्हटलं की लोकांना ‘मतिमंद’ ऐकू येतं. एमएसमध्ये शब्दसंग्रह, सामान्य ज्ञान बहुधा शाबूत असतं, मार बसतो तो वेगावर. चिन्ह-अंक चाचणीत ९ चिन्हांना ९ अंक दिलेले असतात आणि ९० सेकंदांत किती जुळवले ते मोजतात. हातातली ताकद गेली असेल तर लिहिण्यातच वेळ जातो, म्हणून उत्तरं तोंडी घेतात. ती फारशी चुकत नाहीत, कमी भरतात. ‘विचारांचा वेग’ लिहा. ‘संज्ञान’ नकोच. आपल्याकडे संज्ञा एक तर पारिभाषिक असते, नाही तर हरपते.

शब्दांकुश: वेग म्हणजे सगळं नव्हे. १६ शब्दांची यादी ५ वेळा वाचून दाखवतात ती चाचणी शिकण्याची नि आठवणीची. तिला ‘वेग’ कसं म्हणणार? ‘बोधन’ घ्या, बुध् धातूवरून सरळ येतो. वापरला की रुळेल.

कृष्णाकाठ: तासगावच्या एसटीत कुणाला ‘बोधन’ विचारून बघा! लोक म्हणतात ‘सुचंना’, ‘ध्यानात राहीना’, ‘डोकं चालंना’. पहिलं नियोजनाचं, दुसरं स्मृतीचं, तिसऱ्यात थकवा नि खिन्नताही येते. तीन तक्रारींना तीन शब्द तयार असताना एकच कशाला घडवताय?

शब्दांकुश: मग ‘नैराश्य’ तरी कुठे नेमकं आहे? आशा सुटली एवढंच ते सांगतं. ‘अवसाद’ला हिंदी म्हणून हाकलता, पण अव + सद्, खाली बसणं. ‘विषाद’ही त्याच सद् चा.

मिरजकर: काहीही घ्या, ‘उदासीनता’ तेवढी टाळा. उद् + आसीन, म्हणजे अलिप्त बसलेला. एमएसमध्ये दुःख नसतानाही काही करावंसं वाटेनासं होतं. त्याची नोंद वेगळी करतात, त्यासाठी हा शब्द राखून ठेवा.

रेघोटी: खरी चूक ‘मुळे’त आहे, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. मेंदूतल्या जोडण्या व्रणांनी तुटल्या की मनःस्थिती आणि वेग दोन्ही घसरू शकतात. वर खिन्नता लक्ष खाते. ‘मुळे’ लिहिलंत तर घरचे म्हणणार, ‘मन घट्ट कर, डोकं चालेल.’ खिन्नतेवर उपचार करावेतच, पण त्यानंतर वेग पूर्ण परतेलच असं नाही, म्हणून चाचणी पुन्हा घ्यायची. प्रश्नावलीही जपून निवडा. थकवा आणि झोप एमएसमध्येही बिघडतात, त्या प्रश्नांनी खिन्नतेचे गुण उगाच फुगतात. आणि ‘विसरतो’ वेगळं, ‘विसरतो असं वाटतं’ वेगळं. दुसरं बऱ्याचदा चाचणीच्या गुणांपेक्षा मनःस्थितीशी जास्त जुळतं, तेव्हा घरच्यांनाही विचारा.

हळदपेठ: मग ‘नैराश्यासोबत’ लिहू?

शब्दांकुश: ‘सोबत’ अरबी, ‘सुहबत’पासून.

कृष्णाकाठ: ‘बरोबर’ घ्या.

शब्दांकुश: ते फारसी.

मिरजकर: आणि तुमचं ते गावाकडचं ‘ध्यान’? ते मात्र अस्सल संस्कृत.