आद्य ख्रिस्ती लेखनातला माणूस: जन्मतः दोषी की अजून वाढणारा?

खाडीकाठ
"ख्रिस्ती धर्मात माणूस जन्मजात पापी." हे वाक्य आपल्याकडे इतकं सर्रास ऐकू येतं की ते कुणी आणि कधी मांडलं हे कुणी विचारत नाही. मी वसईच्या कॅथलिक घरात वाढलो. धर्मशिक्षणाच्या वर्गात आदिपाप, म्हणजे आदाम-हव्वेच्या पापाचा डाग प्रत्येकाला जन्मतःच लागतो ही शिकवण, लहानपणीच शिकलो, इरेनेयसचं नाव मात्र पस्तिशीत कानावर आलं. ही उलटापालट मला फार खटकते, म्हणून हा धागा.

इरेनेयस दुसऱ्या शतकात आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहराचा बिशप होता. इ.स. 180 च्या सुमारास त्यानं पाखंडी मतांविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे विरोधक नॉस्टिक पंथांचे. त्यांच्या मते हे जग आणि हा देह कुणा खालच्या दर्जाच्या निर्मात्यानं घडवला. खरा माणूस म्हणजे आत अडकलेला आत्मा, बाकी सगळं टाकाऊ. इरेनेयस याच्या नेमकं उलट सांगतो: मातीतून घडवलेला, हाडामांसाचा माणूस हेच देवाचं प्रतिरूप.

मग आदाम आणि हव्वा? ती त्याच्या लेखी लहान मुलं आहेत. देव माणसाला पहिल्याच दिवशी परिपूर्ण करू शकत होता, पण माणसाला ते झेपलं नसतं. आई तान्ह्याला जेवण देऊ शकते, तान्ह्याला ते पचत नाही, असं तो स्वतःच समजावतो. माणसानं वाढायचं, अडखळायचं, बळ धरायचं आणि देवाला पाहण्याइतकं मोठं व्हायचं. एदेन बागेनंतर आलेल्या मरणातही त्याला दया दिसते: पाप अमर होऊ नये म्हणून देवानं त्याला मरणाची हद्द घातली. "जिवंत माणूस हे देवाचं वैभव" हे त्याचंच वाक्य.

हा सुखात बसून केलेला आशावाद नव्हे. इ.स. 177 मध्ये त्याच ल्योंमध्ये ख्रिस्ती लोकांचे हाल करून त्यांना मारलं गेलं. त्यात ब्लांदिना नावाची एक गुलाम बाई होती. तिला खांबाला टांगून जनावरांपुढे ठेवलं. तिच्याकडे पाहताना सोबतच्या कैद्यांना क्रुसावरचा ख्रिस्त दिसला, असं त्या मंडळींनी आशिया मायनरमधल्या (आजचा तुर्कस्तान) बांधवांना लिहिलेल्या पत्रात आहे. माणूस म्हणजे काय, याचं उत्तर त्यांनी एका गुलाम बाईच्या फाटलेल्या देहात पाहिलं. इथून सुरू झालेली परंपरा जन्मजात दोषाच्या हिशेबापर्यंत का घसरली?

तळटीप
"घसरली" हा शब्द मला मान्य नाही. इरेनेयस थोर आहेच. पण त्याच्या शंभरेक वर्षं आधी प्रेषित पौलानं बायबलमधल्या रोमकरांस पत्रात लिहून ठेवलंय की जे चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही, आणि जे नको तेच होतं. हा लहान मुलाचा अनुभव आहे का? हा जाणत्या, धर्मशास्त्र शिकलेल्या, सरळ वागू पाहणाऱ्या माणसाचा अनुभव आहे.

आदिपापाची शिकवण ठामपणे मांडणारा, उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन तिथूनच पुढे जातो. सोळाव्या वर्षी त्यानं मित्रांबरोबर शेजारच्या झाडाची नाशपाती चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती, चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. इ.स. 397 नंतर, बिशप झाल्यावर, तो हे लिहायला बसतो आणि एकाच प्रश्नावर खिळून राहतो: मग मी ती चोरली का? त्याला मिळालेलं उत्तर भयंकर आहे. चोरी करण्यातच गोडी होती, आणि एकटा असतो तर केली नसती. माणसाच्या मनात इतकं खोल उतरलेलं त्या काळातलं दुसरं पान मला माहीत नाही.

त्याचा प्रतिस्पर्धी पेलागियस आजच्या वाचकाला उदार वाटतो. इ.स. 413 च्या सुमारास त्यानं देमेत्रियास या श्रीमंत रोमन घराण्यातल्या तरुणीला लिहिलं, की मानवी स्वभाव मुळात चांगला आहे आणि देव अशक्य ते सांगत नाही. ऐकायला छान. पण याचा अर्थ असा की पाप न करणं पूर्णपणे तुझ्या हातात आहे, आणि तू घसरलीस तर सगळा दोष तुझा. दारू सुटत नसलेल्या माणसाला हे ऐकवून पाहा. ऑगस्टीन त्याच्या बाजूला बसतो आणि म्हणतो, माझंही असंच आहे, आपल्या दोघांनाही कृपा हवी.

पाणवठा
तुम्ही दोघंही माणसाच्या अंतरंगाबद्दल बोलताय. मला बाजारातल्या माणसाबद्दल विचारायचंय. देवाचं प्रतिरूप तेव्हा नाणी मोजून विकत मिळत होतं.

बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात दासांना कठोर धन्याच्याही अधीन राहायला सांगितलंय. चौथ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास आशिया मायनरमधल्या गांग्रा इथल्या बिशपांच्या धर्मसभेनं, भक्तीचं निमित्त करून गुलामाला धन्याचा अनादर करायला शिकवणाऱ्याला शापित ठरवलं. ऑगस्टीन तर कळसच: देवानं माणसाला जनावरांवर सत्ता दिली, माणसावर नाही, हे तो स्वच्छ लिहितो आणि त्याच प्रकरणात गुलामी ही पापाची शिक्षा असल्याचं सांगून गुलामाला मनापासून सेवा करायला लावतो. आदिपापाचा हा उपयोग मला अजिबात क्षम्य वाटत नाही. आणि ब्लांदिना मेल्यावर पूज्य ठरली; ती जगली असती तर कुणाच्या मालकीची राहिली असती?

खाडीकाठ
पाणवठा, शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण निसाचा बिशप ग्रेगरी याला वगळू नका. इ.स. 380 च्या आसपास बायबलमधल्या 'उपदेशक' या पुस्तकावर प्रवचनं देताना तो "मी दासदासी विकत घेतल्या" या ओळीशी थांबला. बाकीचे टीकाकार इथून पुढे सरकले असते. तो धन्यालाच सवाल करतो: बुद्धीची किंमत किती लावलीस? देवाच्या प्रतिरूपाचे किती पैसे मोजलेस? ज्याला सगळी पृथ्वी सोपवली त्याला विकणारा कोण आणि घेणारा कोण? एक चिठोरं, एक करारपत्र आणि थोडी नाणी, यावरून तू स्वतःला धनी समजलास. जन्म, सुखदुःख, रोग, शेवटची माती, यात दोघांमध्ये काय फरक, हेही तो विचारतो. प्राचीन जगात गुलामगिरीवर इतका थेट घाव घातलेला मला दुसरीकडे सापडत नाही, आणि हा घाव त्यानं प्रतिरूपाच्या कल्पनेनंच घातलाय.

तळटीप, तुम्हाला एकच विचारतो. बाप्तिस्म्याविना मेलेल्या तान्ह्या बाळालाही शिक्षा होते, सौम्य का होईना पण होते, असं ऑगस्टीन म्हणाला. त्या बाळाच्या बाजूला तो का बसला नाही?

तळटीप
तिथे मी त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही, पूर्वेकडच्या चर्चनंही तो वारशानं येणारा दोष कधी मानला नाही. तरी पाणवठा यांनी रंगवलेला ऑगस्टीन अपुरा आहे. 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पत्रांपैकी एकात हिप्पोच्या बंदरातली हकीकत आहे. दलाल माणसं पळवून जहाजात कोंबत होते, आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांनी सुमारे 120 जणांना सोडवलं. म्हातारा ऑगस्टीन हे चिडून लिहितो आणि कायद्याचा आधार शोधतो. माणूस बिघडलेला आहे असं मानणारा माणूस गप्प बसला नव्हता.

पाणवठा
पत्र वाचलंय, आणि त्या 120 जणांसाठी मला आनंदच आहे. पण त्याची चीड मुख्यतः स्वतंत्र माणसं बेकायदा पळवण्यावर होती. कायदेशीर गुलाम त्याच बंदरात होतेच. ग्रेगरीचं प्रवचनही कितीही पेटलेलं असलं तरी "घरी जा आणि सोडून द्या" असं सरळ सांगत नाही.

मला त्याच्याच घरातली दुसरी गोष्ट जास्त पटते. त्याची थोरली बहीण मॅक्रिना हिनं आईला समजावून घरातल्या दासींना आपल्या बरोबरीच्या केलं: एकच पंगत, सारखंच अंथरूण, सारखंच जगणं. ग्रेगरीनं तिच्या चरित्रात हे लिहून ठेवलंय. म्हणजे देवाचं प्रतिरूप घरात कसं वागवायचं हे त्या पिढीला कळलेलं होतं, आणि सभा भरवून ठराव करायची ताकदही बिशपांकडे होती. खाडीकाठ, मग एकाही धर्मसभेनं मॅक्रिनाच्या घरचा शिरस्ता सगळ्यांसाठी का लावला नाही, याचं उत्तर तुमच्या इरेनेयसकडून देऊन दाखवा.