कुपोषणाचे दोन सरकारी आकडे

पोषण ट्रॅकर या अंगणवाड्यांच्या सरकारी नोंदणी ॲपवर लुकड्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या, बालकांचं प्रमाण एकआकडी दिसतं, म्हणजे कुपोषण आटोक्यात आलं, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) हेच प्रमाण देशात १९.३ टक्के होतं. दोन्ही आकडे सरकारचेच, पण पाहणीत बाहेरचे प्रशिक्षित लोक नमुन्यातल्या घरांमधली मुलं मोजतात, तर ट्रॅकरवर अंगणवाडीत आलेल्या मुलांची नोंद सेविका करते.

मोजमाप वाटतं तितकं सोपं नाही. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून मोजायचं, एकीने डोकं धरायचं, दुसरीने गुडघे सरळ करायचे. मूल रडतं, पाय आखडतं. मदतनीस जागेवर नसेल तर उंची सहज कमी भरते. आणि उंची कमी लिहिली गेली की तेच वजन त्या उंचीला पुरेसं दिसतं, मूल लुकड्यांच्या यादीतून आपोआप गळतं! वर, आकडा वाढला की जाब सेविकेलाच विचारणार. मग खरा आकडा कोण भरेल?

माझ्या मते दर तिमाहीत काही अंगणवाड्यांतली मुलं दुसऱ्या खात्याच्या माणसांनी पुन्हा मोजावीत आणि फरक जिल्हावार जाहीर करावा. जास्त कुपोषित मुलं शोधणाऱ्या सेविकेला नोटीस नको, जादा आहार आणि बालउपचार केंद्रातली खाट मिळायला हवी.