रिटर्न पंपाला कडक पीव्हीसी पाइप थेट जोडावा की मध्ये मऊ नळी ठेवावी?

प्रश्न (फोंडा)

नमस्कार. माझ्याकडे चार फूट लांब आणि दीड फूट रुंद अशी खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी असून तिचा संप (टाकीचे पाणी जिथे उतरते ती खालची दुसरी टाकी) खालच्या कपाटात आहे. संपमध्ये बुडवून ठेवलेला डीसी रिटर्न पंप, म्हणजे पाणी परत वर टाकीत चढवणारा पंप, सध्या पारदर्शक नळीने वर जोडलेला आहे. परंतु ही नळी कपाटाच्या भोकापाशी दुमडते आणि पाण्याचा प्रवाह निम्म्यावर येतो. म्हणून चवथीच्या आधी सगळी जोडणी कडक पाइपात करून घ्यावी, असा विचार आहे. आमच्या प्लंबरचे म्हणणे असे की, पंपाच्या तोंडाला पाऊण इंची आटे आहेतच, तेव्हा एमटीए (बाहेरून आटे असलेला पाइपाचा जोड) फिरवून त्यावर एक इंची पाइप सरळ उभा करावा, मध्ये काहीही लागत नाही. टाकी बसायच्या खोलीत असल्यामुळे पंपाची घरघर वर चढेल, अशी मला शंका आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर १ (म्हापसा)

आपली शंका रास्त आहे. पंप रबरी पायांवर उभा असतो तो त्याची थरथर संपच्या काचेत उतरू नये म्हणून. त्याच्या डोक्यावर कडक पाइप घट्ट आवळला की ते पाय नावापुरते उरतात आणि थरथर पाइपातून कपाटाच्या पाठीला व तिथून टाकीला पोहोचते. दुसरी गोष्ट अशी की, वरचा पाइप एखाद-दुसरा मिलिमीटर जरी तिरका बसला, तरी तो सगळा ताण पंपाच्या प्लास्टिकच्या आट्यांवर येतो आणि तिथे पडलेली चीर दुरुस्त होत नाही.

म्हणून पंपाच्या तोंडाला प्लास्टिकचे होज नोझल बसवावे, त्यावर दहा ते पंधरा सेंटिमीटर मऊ सिलिकॉनची नळी चढवावी आणि तिच्या वरच्या टोकापासून कडक पाइप सुरू करावा. जाळीची ब्रेडेड नळी इथे घेऊ नये. इतक्या आखूड तुकड्यात ती जवळजवळ पाइपाइतकीच कडक राहते. हा तुकडा ताणलेला नसावा, किंचित सैल असावा. कडक पाइपाचे वजन कपाटाच्या पाठीला मारलेल्या क्लॅम्पवर येऊ द्यावे, पंपावर नव्हे.

नळीच्या वर, हात सहज पोहोचेल अशा ठिकाणी युनियन (हाताने खोलता येणारा सांधा) आणि त्याच्या वर बॉल व्हॉल्व्ह ठेवावा. हा क्रम उलटा करू नये, कारण व्हॉल्व्ह बंद करून युनियन खोलले की वरच्या पाइपातले पाणी अंगावर येत नाही. पंपावर चुन्याचा थर चढतो आणि तो अधूनमधून व्हिनेगरमध्ये ठेवून साफ करावा लागतो, तेव्हा या युनियनची किंमत कळते.

प्लंबरला एक गोष्ट आवर्जून सांगावी: पितळी आट्यांचे एमटीए किंवा एफटीए (आतून आटे असलेला जोड) मुळीच वापरू नये. दुकानात मजबूत म्हणून तेच पुढे केले जाते. पण पितळेत तांबे असते आणि खाऱ्या पाण्यात उतरलेले तांबे प्रवाळ आणि कोळंबीच्या जिवावर उठते.

उत्तर २ (मडगाव)

वरील मताशी सहमत आहे. पाइपाच्या मापाविषयी थोडे जोडतो, कारण जोडणी बहुधा तिथेच फसते. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात ‘एक इंची’ म्हटल्यावर तीन वेगळे पाइप हाती येऊ शकतात. शेतीच्या करड्या पीव्हीसी पाइपाचा बाहेरचा व्यास ३२ मिमी, पांढऱ्या शेड्यूल ४० किंवा ८० युपीव्हीसीचा ३३.४ मिमी आणि गरम पाण्याच्या सीपीव्हीसीचा २८.६ मिमी असतो. पहिल्या दोन मापांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. सोल्यूशन (पाइप चिकटवायचा द्रव) भरपूर लावून पाइप बसल्यासारखा वाटतो आणि नंतर पाझरू लागतो. म्हणून पाइप, एल्बो, युनियन आणि व्हॉल्व्ह एकाच प्रकारचे आणि शक्यतो एकाच दुकानातून घ्यावेत.

आट्यांचेही तसेच आहे. आपल्याकडची फिटिंग बीएसपी (ब्रिटिश पद्धतीच्या) आट्यांची असतात, तर परदेशी पंपांपैकी काहींचे आटे एनपीटी (अमेरिकी पद्धतीचे) असतात. पाऊण इंचात दोन्हींना इंचाला १४ आटे असल्यामुळे फिटिंग सुरुवातीला बिनतक्रार फिरते. मात्र आट्यांचा कोन वेगळा असल्यामुळे ते पुढे अडकते, आणि नेमके त्याच वेळी प्लंबर पाना हाती घेतो. टेफ्लॉन टेप गुंडाळून हाताने जेवढे बसेल तेवढेच बसवावे. तिथून थोडे गळले तरी पाणी संपमध्येच पडणार आहे!

पाऊण इंची तोंडावर एक इंची पाइप घेणे योग्यच आहे, कारण रुंद पाइपात घर्षण कमी होते. शक्य तिथे नव्वद अंशांच्या एका एल्बोऐवजी पंचेचाळीसचे दोन वापरावेत.

उत्तर ३ (डिचोली)

मऊ नळी प्रत्येक वेळी लागतेच, असे मी म्हणणार नाही. संपच्या बाहेर, भक्कम बैठकीवर बसवलेल्या पंपाला युनियनने थेट पाइप जोडलेला चालतो. आपला पंप बुडालेला आहे, तेव्हा नळी ठेवावी. फक्त तिच्या क्लिपकडे लक्ष द्यावे. स्टीलची म्हणून मिळणाऱ्या क्लिपचा पट्टा चांगला असला तरी स्क्रू पुष्कळदा साधा असतो आणि मिठाच्या शिंतोड्यांनी तो आधी गंजतो. प्लास्टिकची क्लिप पुरते.

मला अधिक काळजी वीज जाण्याची वाटते. पावसाळ्यात ती केव्हा जाईल याचा नेम नाही आणि पंप थांबला की टाकीतले पाणी त्याच पाइपातून उलटे संपमध्ये येऊ लागते. आपल्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे साडेपाच लिटर. पाइपाचे वरचे तोंड पाण्याखाली पाच सेंटिमीटर असेल, तर सत्तावीस-अठ्ठावीस लिटर पाणी खाली येईल. शिवाय पाइपातले आणि ओव्हरफ्लोच्या, म्हणजे टाकीतले पाणी संपकडे उतरवणाऱ्या, कप्प्यातले वेगळे. एनआरव्ही (पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) लावून निश्चिंत राहू नये, कारण त्याच्या पडद्यावर चुना आणि नळीकिडे बसले की तो पूर्ण मिटत नाही. वरचे तोंड पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवावे, पृष्ठभागाच्या किंचित खाली पाइपाला तीन-चार मिलिमीटरचे भोक पाडावे म्हणजे पातळी उतरताच हवा आत शिरेल, आणि ते भोक शेवाळाने बुजले नाही ना हे पाहत राहावे. जोडणी झाल्यावर पंप मुद्दाम बंद करून संप कुठवर भरतो ते पाहावे आणि त्या हिशेबाने चालू पंपाच्या वेळची पातळी आखून घ्यावी.

प्रश्नकर्ता (फोंडा)

तिघांचेही आभार. पंपाचे आटे मोजून घेतो आणि पितळी एमटीए परत करतो. सोल्यूशन लावल्यानंतर पाणी केव्हा सोडावे?

उत्तर १ (म्हापसा)

एरवी चोवीस तास पुरतात, परंतु सध्याच्या दमट हवेत दीडपट वेळ द्यावा. त्याआधी सगळी जोडणी सोल्यूशनशिवाय कोरडी बसवून प्रत्येक सांध्यावर पेन्सिलीने खूण करावी, आणि वाळल्यानंतर पाइपातून नळाचे पाणी फिरवून ते फेकून द्यावे. तोवर जुनी नळीच चालू ठेवावी; टाकीचे पाणी इतका वेळ थांबवून चालणार नाही.