थर्ड शिफ्टला (रात्रपाळीला) पहाटे डोकं चालत नाही, मदत हवी आहे

बोअरगेज: कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनला आहे. थर्ड आली की पहाटे चारनंतर गेजचं वाचन चुकतं. परवा प्लस-मायनसची गल्लत झाली, ओव्हरसाइझ बोअर (पार्टमधली मापापेक्षा मोठी भोकं) ओके होऊन पुढे गेले. चहा, तोंड धुणं सगळं करून झालं. झोप पूर्ण घेतो. लवकर सांगा, आज परत ड्यूटी आहे.

तिन्हीपाळ्या: पूर्ण म्हणजे किती, किती ते किती? शिफ्ट कुठल्या क्रमाने फिरते? शेवटचा चहा कधी?

काढेवाला: अश्वगंधा चूर्ण, कोमट दुधातून. बाकी काही नको.

तिन्हीपाळ्या: दादा, ते आज रात्रीचं विचारतायत. शिवाय थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अश्वगंधा नको.

बोअरगेज: सहाला सुटतो, साडेसातला झोपतो. साडेअकराला मुलगी शाळेतून येते तेव्हा उठतो. चहा पहाटे साडेतीनला. थर्ड, मग सेकंड (दुपारची), मग फर्स्ट (सकाळची), दर आठवड्याला.

तिन्हीपाळ्या: ही चार तासांची झोप झाली हो, पूर्ण कसली! त्यात साडेतीनच्या चहातलं निम्मं कॅफीन झोपायच्या वेळी अंगातच असतं. दोननंतर चहा बंद. आज संध्याकाळी सातला दीड तास झोपा. पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, त्या वेळी कितीही ठरवलं तरी लक्ष टिकत नाही. क्रिटिकल बोअर तीनच्या आत उरका.

क्यूसीवाला: बोअर गेजवर (भोकाचा व्यास मोजायच्या डायलवर) काटा शून्याच्या उजवीकडे गेला की बोअर लहान, डावीकडे गेला की मोठा. मायक्रोमीटरची (आकडा वाढला की माप मोठं) सवय असलेला माणूस पेंगत असताना हमखास उलटं वाचतो. डायलवर मार्करने दोन्हीकडे ‘लहान’, ‘मोठा’ लिहा. चारनंतर दर तासाला सेटिंग रिंगवर (नेमक्या मापाच्या कड्यावर) शून्य तपासा आणि संशय आला की दुसऱ्याला वाचायला लावा.

हक्काचं_बोला: ओव्हरटाइम देतात का? दुप्पट दराने मिळाला पाहिजे.

क्यूसीवाला: त्यांनी ओव्हरटाइमचं विचारलंच नाही.

निवांत: ब्रेकमध्ये तासभर आडवं व्हा, सगळं ठीक होईल.

तिन्हीपाळ्या: तासाभराने गाढ झोपेतून उठवलं तर माणूस आणखी बधिर होतो. २० मिनिटांचा गजर, आणि उठल्यावर १५ मिनिटं गेजला हात नाही. ब्रेकला पुरीभाजी नको, जेवण ड्यूटीआधी करून जा.

क्यूसीवाला: खरं दुखणं रोटेशनचं आहे. फर्स्ट, सेकंड, थर्ड असं पुढे सरकलं तर शरीराला झेपतं, कारण उशिरा झोपणं सोपं, लवकर झोपणं अवघड. सुपरवायझरशी बोला.

बोअरगेज: बोललो, युनियनकडे बोट दाखवतो. मुलीला शेजारी ठेवता येईल, दीडपर्यंत झोप होईल. पण पत्र्याचं घर आहे, दहानंतर तापतं.

तिन्हीपाळ्या: कूलर आहे का? पत्र्याखाली सीलिंग केलंय?

निवांत: पत्र्याला पांढरा चुना मारा.