अनुभव धागा : आयतारची (रविवारची) गाड्या रंगवायची कामं, भाव आणि गिऱ्हाईक

आयतारवाला

काल भाच्याने फोटो पाठवला. पांढऱ्या गाडीचा मागचा बंपर, कोपऱ्यात चिऱ्याच्या गडग्याला (कुंपणाच्या भिंतीला) घासलेला. खाली एवढंच, "मामा, किती सांगू?" तो इथे गोव्यात वेर्ण्याला कंपनीत शिफ्टवर आहे. नुकताच कॉम्प्रेसर आणि रंग मारायची गन घेतलीय, सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामं धरणार म्हणतो. मला माझे कुंडईच्या नोकरीतले आयतार आठवले. आठवडाभर कंपनी आणि आयतारी घरामागच्या शेडमध्ये कुणाची ना कुणाची गाडी. त्या पैशांवर घराची कौलं बदलली, थोरलीचं कॉलेज झालं.

त्याला उत्तर लिहायला बसलो ते लांबतच गेलं, म्हणून इथे टाकतोय. तुमचेही अनुभव लिहा, मी त्याला हा धागाच पाठवणार आहे.

फोटोवर भाव सांगायचा नाही. गाडी समोर पाहिजे. पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोकत जायचं, जिथे आधी कुणी लांबी (पुट्टी) भरलीय तिथे आवाज बद्द येतो. लोहचुंबक धरला की तिथे धड चिकटत नाही. अशा जागी वरून नुसता रंग मारून चालत नाही, जुनी लांबी खरवडावी लागते, म्हणजे काम दुप्पट. हे गिऱ्हाइकाच्या हातात चुंबक देऊन त्यालाच बघायला लावायचं. त्याला स्वतःला दिसलं की भावावर वाद निम्मा होतो.

दुसरं, रंगाचे पैसे आधी, मजुरी गाडी नेताना. बेस (मूळ रंग), क्लियर (वरचा पारदर्शक थर), हार्डनर, थिनर, प्रायमर, घासायचा पेपर, टेप, सगळी यादी लिहून द्यायची आणि म्हापशाच्या दुकानातून गिऱ्हाइकानेच आणायची. बिल त्याच्या नावाचं. मग "तू रंगात किती खाल्लेस" हा विषयच निघत नाही. मेटॅलिकच्या एका दाराला तेव्हा सामानाचे साधारण दीड हजार जायचे आणि मी मजुरी तेवढीच लावायचो. वर्कशॉपवाले एका पॅनलला याच्याहून बरेच जास्त घ्यायचे, पण त्यांच्याकडे बूथ (रंग मारायची बंद, तापवता येणारी खोली) आहे, गाडी साठ अंशावर अर्ध्या तासात सुकते. माझ्याकडे ताडपत्री. हा फरक मी आधीच सांगायचो आणि भाव त्या हिशेबानेच लावायचो.

आमच्या वाड्यावरचे एक मास्तर होते, त्यांची सिल्व्हर गाडी. दार घासलं होतं. मी म्हटलं दाराबरोबर मागच्या फेंडरवरही रंग उडवून न्यावा लागेल. मास्तर म्हणाले, "चांगल्या पत्र्याला हात कशाला? बिल वाढवतोस?" मी डब्याचा एक पत्रा कापला, त्यावर त्याच कोडचा रंग मारला, क्लियर मारला, सुकला तसा दाराशेजारी धरला. सावलीत एकदम जुळला. उन्हात नेला, तर बाजूने बघताना काळसर दिसला. सिल्व्हरमधले कण हवेच्या दाबाप्रमाणे कसे बसतात त्यावर छटा फिरते आणि गाडीचा जुना रंगही उन्हाने बदललेला असतो. मास्तरांनी पत्रा हातात घेऊन दोनदा फिरवला आणि म्हणाले, "मार फेंडरवर." त्यानंतर प्रत्येक मेटॅलिक कामाआधी मी तो पत्रा करायचो. अर्धा तास जातो. पण गाडी नेताना "रंग वेगळा दिसतोय" हे ऐकावं लागत नाही.

आणि गाडी द्यायची ती दिवसाउजेडी, उन्हात, दोघांनी मिळून चारी बाजूंनी फिरून. ट्यूबखाली कधीच नाही.

कुळागर

मस्त धागा दादा. भाच्याला सांगा नातेवाईकांचे भाव आधी ठरव. आमच्याकडे चुलतभाऊ रंगाचं करायचा, अख्खं कुटुंब "तू बघून घे रे" म्हणून गाड्या लावून जायचं. एकेक गाडी महिनाभर अंगणात. शेवटी त्याने घरच्यांसाठी सरळ नियम केला, सामान तुमचं, मजुरी निम्मी, आणि गाडीचं काम नंबर लागेल तसं. आता कुणी रागावत नाही. बाकी वाचतेय.

खाणवाला

आमच्या कुडचडे-सावर्ड्याच्या बाजूला छोट्या गाड्या नव्हत्याच, खाणीचा माल वाहणारे टिपर. पासिंगच्या आधी ट्रकवाल्यांची रांग लागायची. केबिन, हौदा, नंबर, मागे देवाचं नाव. भाव ठोक. मालक म्हणायचा एवढे देतो, बस्स. रोजची ट्रिप होती, पैसा खेळता होता, कोण घासाघीस करणार.

मग २०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद. ज्यांचे ट्रक रंगवून दिले त्यांचे ट्रक दारात उभे आणि आमचे पैसे त्यांच्याकडे. मागायला जायचं तर त्याच्याच घरात बँकेचा माणूस बसलेला. मी मागितले नाहीत. अजून काही जणांचे आहेत. पुन्हा सुरू झाल्या, पुन्हा २०१८ ला बंद. त्यानंतर मी उधारी पूर्ण सोडली, ओळखीचा असो की सख्खा शेजारी. सामानाचे आधी, दादा म्हणतात ते अगदी बरोबर.

आणि ती तांबडी धूळ. सकाळी प्रायमर मारून जेवायला गेलो की वर पीठ भुरभुरल्यासारखा थर. रस्त्यावर पाणी मारून मग गन उचलायची.

मिरसांग

@खाणवाला, वाईट वाटलं वाचून. माझे बाबाही उसगावला ट्रकवर होते. २०१२ नंतरचं ते वर्ष आमच्या घरात अजून कुणी काढत नाही.

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिते. आमचं घर कोलव्याजवळ, समुद्राचा वारा थेट अंगणात. गाडीची दारं खालून गंजली. एका दुरुस्तीवाल्याने बघताच आकडा सांगितला आणि नंतर रोज फोन, "ताई, आत जास्त खाल्लंय, एवढे वाढतील." पुढच्या वेळी दुसरा माणूस शोधला. कुठेतरी नोकरीला होता, संध्याकाळी आणि सुट्टीला काम करायचा. तो म्हणाला, "सोलल्याशिवाय आत किती खाल्लंय ते मला कळणार नाही. आज सोलण्याचे पैसे सांगतो. उघडं झालं की तुम्ही या, बघा, मग पुढचा आकडा ठरवू. नको वाटलं तर प्रायमर मारून गाडी परत देतो." दोन टप्प्यांत भाव. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. गेले, तर दाराच्या खालच्या शिवणीत पेचकस आरपार जात होता. त्याने घालून दाखवला. मग वाढीव पैसे देताना मनात काहीच आलं नाही.

फोनवर मेसेजही लिहून ठेवला होता, काय करणार आणि काय नाही करणार. "दुसऱ्या बाजूच्या दाराला गंज आहे, त्याला हात लावलेला नाही." असं कुणी लिहीत नाही हो.

एक पॉइंट तीन

पूर्णवेळ हेच काम करतो, दोनच गोष्टी लिहितो, वेळ नाही.

भाच्याला मास्क घ्यायला लावा. कापडाचा नाही, धुळीचा पांढरा नाही, कार्बनच्या डब्यांचा. टू-के म्हणजे दोन भाग मिसळून वापरायच्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. दमा लागतो, आणि एकदा लागला की पुढे थोडासा वास आला तरी छाती भरते. आमच्या लाइनीतला एक चांगला कारागीर यातच कामाला मुकला. बाहेरून हवा येणारा मास्क असेल तर सर्वांत उत्तम. घराला चिकटून शेड असेल, घरात म्हातारं माणूस किंवा लेकरू असेल, तर तिथे क्लियर मारू नकोस. मास्क आणि फिल्टरचा खर्च भावात धरायचा, तो खिशातून घालायचा नसतो.

आणि पावसात काम घेऊ नकोस. कॉम्प्रेसरच्या टाकीचं पाणी रोज सोडायचं, लाइनीला वॉटर ट्रॅप पाहिजेच. तरी हवेतच ओल असली तर रंगावर पांढरट धुरकी येते. स्लो (हळू सुकणारा) थिनर घालून थोडं निभावतं, पण जुलैत बूथशिवाय चकाकी द्यायचं वचन देणारा खोटं बोलतोय.

आयतारवाला

@एक पॉइंट तीन, मास्कचं लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या वेळी ओला रुमाल बांधायचे लोक. भाच्याचं कॉम्प्रेसर घराच्या पडवीत आहे आणि त्याच्या आईला आधीच दम्याचा त्रास. आजच फोन करतो.

पायलट बाब

पावसात नको म्हणता पण चवथ (गणेश चतुर्थी) येते पावसातच! आणि प्रत्येकाला चवथीआधी गाडी नवी पाहिजे. गावाला जायचं, पाहुणे बघणार. माझ्या पायलटचा (मोटारसायकल टॅक्सीचा) पिवळा मडगार्ड मी स्वतः ब्रशने रंगवतो, तो भर पावसात चांगला सुकतो, कुणी जवळ येऊन बघत नाही ना.

मिरसांग

@पायलट बाब, यंदा माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं) सामान तुमच्याकडे किती महाग? आमच्याकडे नारळाच्या पेंडीचा भाव ऐकून परत आले.

पायलट बाब

बाय, मी माझ्या मेव्हण्याच्या कुळागरातून (बागेतून) आणतो. तुम्हाला पाहिजे तर सांगा, मडगावला येणं होतं आठवड्याला.

पॉलिसीवाली

मी विम्याच्या क्लेमचं बघते म्हणून एक सांगते. गिऱ्हाईक कधी कधी साइडवाल्या पेंटरला म्हणतं, "बिल मोठं कर, क्लेम टाकू." करू नका. विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी बघतो आणि लफडं पेंटरच्या गळ्यात येतं.

आणि लहान ओरखड्याला क्लेम परवडतोच असं नाही, हे गिऱ्हाइकाला शांतपणे समजवा, ते उपकार मानतील. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये आपल्यालाच भरावे लागतात, त्याच्या वरच्या गाडीला २०००. साध्या पॉलिसीत रंगाच्या सामानावर ५० टक्के घसारा कापतात. मजुरी आणि सामान वेगळं न दाखवता एकच बिल दिलं तर एकूण रकमेच्या २५ टक्के सामान धरून त्यावर घसारा लागतो. प्लास्टिकच्या भागांना, म्हणजे बंपर बदलला तर त्यालाही, ५० टक्के. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलं असेल तर हा घसारा कापत नाहीत. त्याखेरीज पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस (हप्त्यातली सूट) जातो, जो पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. एका दारासाठी तो घालवणं म्हणजे बरेचदा तोटाच.

किनाऱ्यावरचा

रेंट-अ-कॅबवाल्यांचा (स्वतः चालवायला गाडी भाड्याने देणाऱ्यांचा) अनुभव लिहितो. काळी पाटी, पिवळी अक्षरं. सीझनमध्ये दर आठवड्याला गाडी हजर. पर्यटकाला गल्लीचा अंदाज नसतो, गाडी गडग्याला लागते. मालकाला दुपारी गाडी पाहिजे, कारण संध्याकाळी पुढचं गिऱ्हाईक विमानतळावर उतरणार. तो म्हणतो, "पात्रांव (मालक), लांबून बरं दिसलं म्हणजे झालं." म्हटलं ठीक, त्याचा भाव वेगळा, घरच्या गाडीचा वेगळा. कामाचे दोन दर्जे मी तोंडावर सांगतो. झटपट कामाला नंतर क्लियर सोलला तर माझी जबाबदारी नाही, हे त्यालाही मान्य.

अडचण वेगळीच झाली. घरची गाडी घेऊन आलेल्या एका बाईंनी शेजारच्या कॅबचा भाव ऐकला आणि तोच मागायला लागल्या. मी त्यांना दोन्ही बंपर दाखवले. एकावर हात फिरवला की संत्र्याच्या सालीसारखं खरखरीत लागत होतं, दुसरा १५०० आणि २००० च्या पेपरने घासून बफ मारलेला. त्यांनी डोळे मिटून हात फिरवला आणि म्हणाल्या दुसरा पाहिजे. भाव मान्य.

कुळागर

किनाऱ्यावरचा, तुमची जागा नक्की कुठे? माझ्या स्कूटरचं पुढचं पॅनल फुटलंय, ते रंगवण्यापेक्षा नवीनच घेऊ का?

किनाऱ्यावरचा

फुटलं असेल तर नवीनच घ्या ताई. रंगाचं तयार पॅनल कंपनीच्या दुकानात मिळतं, जोडून रंगवायला त्याहून जास्त पडेल. नुसता ओरखडा असता तर म्हटलं असतं आणा.

सत्तरीकर

एक राहिलं, रंग बदलण्याचं काम. पोरगा पांढरी गाडी घेऊन येतो आणि मॅट काळी करून मागतो. आरसीवर रंग लिहिलेला असतो, बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. हे मी कामाआधी सांगतो. तपासणीत अडकला तर परत आपल्याच दारात येऊन उभा राहतो. शिवाय पूर्ण गाडी म्हणजे दाराच्या आतल्या कडा, डिकीचं आतलं, बोनेटखाली, हे सगळं धरून भाव की नुसतं बाहेरून, ते बोलून घ्यायचं. बहुतेक भांडणं तिथेच होतात. दार उघडलं आणि आत पांढरं दिसलं की गिऱ्हाइकाचं तोंड उतरतं.

गाडी नेताना एक चिठ्ठीही देतो. आठवडाभर धुवायची नाही, महिनाभर वॅक्स नाही, आंब्याफणसाखाली लावायची नाही, पक्ष्याची घाण लगेच ओल्या फडक्याने पुसायची. बूथ नसलेला रंग आत पूर्ण घट्ट व्हायला वेळ घेतो. चिठ्ठी सुरू केल्यापासून परत येणाऱ्या गाड्या कमी झाल्या.

खाणवाला

चिठ्ठी भारी. मी पण करतो आता.

आयतारवाला

सगळ्यांचे आभार. भाच्याने गाडी समोर आणून घेतली. बंपर प्लास्टिकचा आणि एका जागी आधीचा रंग पापुद्र्यासारखा निघतोय, म्हणजे आधीच्याने प्लास्टिक प्रायमर न मारताच रंग मारलाय. सगळा सोलावा लागेल. मी म्हटलं मिरसांगताईंनी लिहिलंय तसं दोन टप्प्यांत सांग.

एक पॉइंट तीन

सोलताना हीट गन लांबून धरायला सांगा, प्लास्टिक वाकडं होतं. ८० चा पेपर लावू नकोस म्हणावं, चरे वर दिसतात, ३२० पासून सुरू कर. आणि पडवीत नाही.

आयतारवाला

पडवीत नाही. शेजारच्यांचा रिकामा गोठा आहे, बोललोय त्यांच्याशी.