मामा तलावाचा गाळ काढा, पण काठ सोडा

झाडीपट्टीकर: 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून भंडारा-गोंदियाकडच्या माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलावांत उन्हाळ्यात जेसीबी उतरतात. गाळ निघालाच पाहिजे. पण पोटातला गाळ काढता काढता काठाचा ओलसर गवताळ पट्टाही खरवडला जातो. पावसाळ्यात तिथंच हबेनारिया फुलतं. पांढऱ्या फुलांचं, जमिनीवर वाढणारं ऑर्किड. मे महिन्यात त्याचं पानही दिसत नाही, नुसता कंद मातीत असतो. काय गेलं ते ऑपरेटरला कळत नाही, इंजिनियरलाही नाही. काठ सोडून खोदा, एवढंच म्हणणं आहे.

धानवाला: काहून भाऊ, फुलासाठी तलाव उथळ ठेवायचा? धान लोंबीवर आलं नि पावसानं दगा दिला, तर तुडुम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड, उघडूनच शेवटचं पाणी भेटते. तुमचा फोटो होते, कर्ज आमच्या सातबाऱ्यावर चढते.

झाडीपट्टीकर: पाणी साठतं पाळीजवळच्या खोलगटात. वरचा काठ वीतभर खरवडून कितीसं वाढणार? तिथं ट्रॅक्टर रुतत नाही, म्हणून तिथून माती उचलतात. सोय ठेकेदाराची आहे, धानाची नाही.

नर्सरीवाला: कंद उपटून नर्सरीत लावा, तंटाच मिटला.

रानभुली: अजिबात नाही मिटत. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक, त्यात अन्नसाठा जवळपास नसतोच. योग्य बुरशी मातीत भेटली तरच ते रुजतं. कुंडीत एखादा कंद जगेलही, पुढची पिढी कुठून आणाल? शिवाय पांढऱ्या हबेनारियांपैकी कितीतरींना रात्रीचे पतंग लागतात. ते आणणार का नर्सरीत?

जाळंवाला: आम्ही ढिवर. पहिल्या पुराला मासोळी याच काठच्या गवतात अंडी टाकते, म्हणून काठ आम्हालेही पायजे. आधी बेशरमची झुडपं काढा, ती सारा काठ गिळून राहिली. फक्त चराई बंद करा म्हणू नका. गुरं फिरली नाही तर गवत कमरेएवढं होते, मग तुमचं फूल दिसन का?

रानभुली: चराईबद्दल पटलं. फुलोऱ्याचे दोन महिने तेवढी गुरं दुसरीकडे वळवता आली तर बरं.

धानवाला: बरं, सोडला पट्टा. दुसऱ्या साली तिथं कोणी बांध टाकून धान लावलं, तर हटवणार कोण? तलाव जिल्हा परिषदेचा, गाळ ठेकेदाराचा, अन् भांडण गावाचं. आधी मोजणी करून दगड रोवा, मग ऑर्किडचं बोला.